मधल्या भिंतीची ओल

त्रेसष्ट सालच्या श्रावणात बथशेबाच्या घराच्या मधल्या भिंतीला ओल धरली. सुरुवातीला ती जमिनीलगत वीतभरच होती. लादी पुसताना आपल्याच हातून पाणी जास्त झालं असेल, असं बथशेबाला वाटलं. तिने फडकं घट्ट पिळून पुन्हा पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओल तिथेच होती. आठवडाभरात ती खाटेच्या उंचीला आली.

बथशेबा वाकरूळकर पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स होती. पन्नाशी उलटलेली, बिनलग्नाची. गावातली कितीतरी मुलं तिच्या हातावर जन्मली होती, म्हणून सगळे तिला नर्सबाई म्हणत. बथशेबा या नावाने हाक मारणारी माणसं आता गावात फारशी उरली नव्हती. त्यांच्या आळीतली बेने इस्रायली ज्यूंची घरं एकामागून एक बंद होत होती. आज कोणी निघालं, पुढच्या महिन्यात आणखी कोणी. आदल्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ इनॉकही बायकोमुलांना घेऊन इस्रायलला गेला होता.

घर वडिलांनी बांधलेलं. इनॉकचं लग्न झालं तेव्हा मधोमध भिंत घालून त्याची दोन घरं केली. भांडण वगैरे काही नव्हतं. नव्या नवरीला, रेबेकाला, मोकळं वाटावं म्हणून बथशेबानेच ते सुचवलं होतं. दोन दारं, दोन चुली, वर छप्पर मात्र एकच. भिंत घातली, तरी आवाज काही अडला नाही. सकाळी रेबेकाच्या बांगड्या वाजायच्या, इनॉक मोरीत खाकरायचा, पोरं पाढे म्हणायची. शुक्रवारी तिन्हीसांजेला इनॉक प्याला हातात घेऊन किद्दूशची प्रार्थना म्हणायचा, तेव्हा अलीकडे आपल्या ताटाशी बसलेली बथशेबा आमेन म्हणायची. पलीकडून धाकटी पोर भिंतीवर थाप मारायची. "आत्या, ऐकू आलं!"

जायच्या दिवशी एसटी स्टँडवर इनॉकने तिच्या हातात चावी दिली.

"आक्का, दोन वर्षं बघतो. नाही रुचलं तर परत येऊ. घर आहे तसंच राहू दे."

"राहील," ती म्हणाली.

त्यानंतर तिने ते दार एकदाही उघडलं नाही. झाडायला हवं, खिडक्या उघडायला हव्यात, हे तिला कळत होतं. पण या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत पावसाळा आला. खरं कारण तिने कोणाला सांगितलं नसतं. कुलूप होतं तोवर पलीकडे माणसं आहेत आणि दुपारची निजली आहेत, असं धरून चालता येत होतं. हा वेडेपणा आहे हेही तिला समजत होतं.

ओल वाढली तशी तिने बुधाजीला बोलावलं. बुधाजी कौलं चाळायचा, भिंती लिंपायचा, गावातल्या बऱ्याच घरांचं काम त्याच्याकडे असे. पावसाने उघडीप दिली तेव्हा तो तिच्या बाजूच्या छपरावर चढला, फुटकी कौलं बदलली आणि उतरून भिंतीला हात लावून बघू लागला.

"बाई, तुमच्या छपराला काय नाय. वरनं गळती असती तर वरनं ओघळ आलं असतं. ही वर कोरडीठाक हाय नि खाली भिजलीय."

"मला तेच वाटलं होतं," बथशेबा म्हणाली. दवाखान्यात पाय सुजलेले रोगी यायचे, त्यांचं दुखणं पायात नसायचं, हे ती रोज पाहत होती. भिंतीच्या पायथ्याशी कुठेतरी पाणी साठून राहिलं होतं आणि विटा ते वातीसारखं वर ओढत होत्या.

"पलीकडं बघाया लागंल. दार उघडा."

"आता नको. पाऊस संपला की बघू."

"पावसात भिजतं नि पाऊस संपल्यावर बघायचं?" बुधाजी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून आपली शिडी उचलून निघून गेला.

तिने भिंतीला चुना मारला. दोन दिवस भिंत पांढरी दिसली, मग डाग चुन्यातून वर आला. कडेने लोणा फुटला, मिठासारखी पांढरी भुकटी गळून लादीवर पडू लागली. पोपडे सुटले. खोलीत ओल्या पोत्याचा वास भरून राहिला. तिने खाट दुसऱ्या भिंतीला लावली. झोप येईना तेव्हा तिच्या लक्षात आलं, इतकी वर्षं आपण त्या भिंतीकडे तोंड करून झोपत होतो.

एका दुपारी ती दवाखान्यातून येऊन हातपाय धूत होती, तेव्हा पलीकडे धाडकन काहीतरी पडलं. भिंत हादरली. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं इनॉकने ट्रंक टाकली. "इनॉक?" ती मोठ्याने म्हणाली. आपला आवाज ऐकून तिची तिलाच लाज वाटली. ओल्या हातांनीच तिने खुंटीवरची चावी घेतली.

कुलूप गंजलं होतं. चावी फिरेना. समोरच्या घरातली दमयंती गोडेतेलाची वाटी घेऊन आली आणि दोघींनी मिळून ते उघडलं. दार फुगलेलं होतं, खांदा लावून ढकलावं लागलं.

आत आधी वास आला आणि मग उजेड दिसला. जिथे उजेड असायचं कारण नव्हतं तिथे, मागच्या खोलीच्या छतातून उजेड येत होता. परसातल्या माडाची झावळी छपराच्या मागच्या उतारावर पडून कौलं फुटली होती. रस्त्यावरून ती बाजू दिसत नसे, बुधाजी अलीकडूनच उतरला होता. सगळा पावसाळा पाणी त्या भोकातून माळ्यावर पडत होतं. मोरीचं तोंड पालापाचोळ्याने बुजलेलं, त्यामुळे खाली आलेलं पाणी वाहून न जाता मधल्या भिंतीशी तळ्यासारखं साठलं होतं. कुजलेला माळा आज खाली आला होता, आणि रेबेकाने नीट बांधून वर ठेवलेलं सगळं त्या पाण्यात पडलं होतं.

"अगं बाई," दमयंती दारातच थांबली. "आता त्यांना काय सांगणार?"

 बथशेबा पदर खोचून पाण्यात उतरली आणि आधी मोरीतला पाचोळा हाताने उपसला. पाणी गुळगुळ करत जाऊ लागलं. मग तिने गाद्या ओढल्या. त्या इतक्या जड झाल्या होत्या की एकटीला हलेनात. कापडावर काळी बुरशी धरली होती. भिंतीतल्या कपाटात वाळवीने मातीचे बोगदे केले होते. प्रेषित एलियाहू हन्नाबीची तसबीर खिळ्यावर होती, पण आतलं चित्र विरघळून काचेला चिकटलं होतं. जुन्या चादरीत गुंडाळलेली रेबेकाची लग्नातली पांढरी साडी सापडली. ट्रंकेच्या गंजाचे तांबडे डाग तिच्यावर उमटले होते आणि घड्यांवर शेवाळी रंग चढला होता.

ती साडी बथशेबाने पुढे बरेच दिवस धुतली. साबणाने, मग लिंबाने. डाग फिके झाले, गेले नाहीत.

बुधाजीने भोक बुजवलं. पण घर वाळेना. बाहेर पाऊस, हवा दमट, दारं उघडी टाकली तरी भिंत हाताला थंडगार लागायची. बथशेबा सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंनी तिच्यावर तळवा ठेवून बघायची. असं बघतानाच तिला कळलं की तिच्या बाजूचा चुलीमागचा तुकडा कोरडा आहे. भिंत तीच, विटा त्याच. फक्त तिथे रोज विस्तव असायचा. तिच्या चुलीवरचे वासे धुराने काळे आणि टणक होते, आणि इनॉककडच्या वाशांचा वरचा पापुद्रा नख लावलं तर पिठासारखा सुटत होता.

दुसऱ्या दिवशी ती लाकडं घेऊन पलीकडे गेली आणि रेबेकाच्या चुलीत जाळ केला. शिजवायला काही नव्हतं. तिने नुसतं पाणी ठेवलं. ओल्या चुलीचा धूर खोलीभर झाला, तिचे डोळे चुरचुरले, मग हळूहळू तो कौलांतून बाहेर पडू लागला.

पहिली दमयंती धावत आली. "इनॉकराव आले की काय? धूर दिसला!"

"नाही. भिंत वाळवतेय."

मग शेजारचे म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, मग वाण्याच्या घरून कोणी विचारायला आलं. सिनेगॉगमधून परतणारा शालोमही दारात थांबला. तो बथशेबाच्याच लोकांतला, आळीत तिच्याशिवाय एक तोच अजून जायचा राहिला होता. "मंडळी आली?" त्याच्या आवाजात आशा होती.

"कोणी आलेलं नाही, शालोमभाऊ," बथशेबा म्हणाली. "कोणी येणारही नाही. भिंत वाळवतेय."

हे ती पहिल्यांदाच बोलली. शालोमने मान हलवली, थोडा वेळ उगाच छपराकडे बघितलं आणि तो गेला.

तेव्हापासून दवाखान्यातून आली की ती पलीकडच्या चुलीत जाळ घालून बसायची. करायला काही नसे. कधी तांदूळ निवडायची, कधी नुसती बघत राहायची. शनिवारी मात्र अडचण आली. शनिवारी त्यांच्यात विस्तव करत नाहीत. ही अडचण ठमाबाईने सोडवली.

ठमाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मासळीची पाटी घेऊन वर्षानुवर्षं आळीत येणारी. कोलंबी, चिंबोरी या घरांत चालत नाही हे तिला पाठ होतं. पाटीतली खवल्यांची मासळी ती वेगळी काढून आणायची. त्या शनिवारी ती अशीच सहज डोकावली.

"नर्सबाय, रोज धूर दिसतो, आज नाय?"

"आज आमचा शब्बाथ. उद्या करीन."

"मंग मी करतां की. माजा शनवार कुटं अडलाय?" पाटी ओट्यावर ठेवून ती चुलीशी बसलीसुद्धा. जाळ धरल्यावर तिने भिंतीकडे बघितलं. "ह्या ओलीचं काय कौतुक नाय आमाला. उधानाचं पानी दरसाल घरात येतं. सामान आढ्याला टांगतो नि उतरायची वाट बघतो."

"आणि भिंती?"

"कुडाच्या हायत. जातात नि पुना घालतो." ती हसली. "तुमच्या भिंती पक्क्या, म्हनून तुमाला दुःख."

मग दर शनिवारी ती येऊ लागली. जाळ करून थोडा वेळ टेकायची, खाडीतल्या बातम्या सांगायची आणि उन्हं चढायच्या आत निघायची. ती गेल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. तरीही बथशेबा शुक्रवारपासून तिची वाट बघायची.

भादव्यातल्या अवसेच्या सुमारास बथशेबाच्या लोकांचा नव्याचा सण, म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस, येतो. दरवर्षी त्या दिवशी रेबेकाच्या हातची गोड पोळी असायची, पोरं नवे कपडे घालून सिनेगॉगला जायची. यंदा बथशेबाने एकटीपुरता भात टाकला होता. दोन दिवस पाऊस लागून राहिलेला, आणि अवसेचं उधाण. संध्याकाळी दारात ठमाबाई उभी राहिली. डोक्यावर पाटी होती पण पाटीत मासळी नव्हती, तवा आणि कपडे होते. मागे तिचा नवरा गणू, पोटुशी सून आणि दोन नातवंडं, सगळी भिजून चिंब.

"पानी यंदा कमरंइतकं आलंय, बाय. येरवी मी येत नाय. सुनंला सातवा चालूय, तिला तेवढी टेकू द्या."

"तिला एकटीला काय म्हणून? सगळे चला," बथशेबा म्हणाली आणि पलीकडचं दार उघडलं.

महिनाभर विस्तव पाहिलेली ती खोली आता कोरडी होती. ठमाबाईने चूल पेटवली. बथशेबाने घरात होतं ते पीठ, गूळ सगळं काढून दिलं आणि आपल्या हाताने पोळ्या केल्या. सुनेला तपासलं, पाय शेकून दिले. मग आपल्या बाजूला येऊन ती खाटेवर पडली. पलीकडून भांडी वाजत होती. गणू खोकत होता. एक पोर रडत होतं आणि ठमाबाई त्याला दटावत होती. बथशेबाने उठून खाट पुन्हा भिंतीजवळ ओढली.

चार दिवस ती माणसं राहिली. पाणी ओसरलं तशी ठमाबाई भांडी घासून, चुलीपुढची जागा झाडून निघायच्या तयारीला लागली.

"ठमाबाई," बथशेबा म्हणाली, "इथेच राहा ना. भाडं वगैरे काही नको मला. पोरं राहतील, सुनेचं बाळंतपण इथेच होईल. मी आहेच."

ठमाबाई झाडता झाडता थांबली. ती खरोखर विचार करत होती, उगाच नाही म्हणणारी ती नव्हती.

"नाय व्हायचं, बाय. भरती बघून रातीबेराती होडी सोडाया लागते. हितनं खाडी दिसत नाय. गनूला पान्याचा आवाज नसला का झोप येत नाय." मग तिने बथशेबाच्या दंडाला हात लावला. "तुमी मनापासनं बोललात, मला ठाव हाय. पन घर आमचं तिकडं हाय."

ती गेली. पोरांनी वाटेवर मागे वळून हात हलवले.

दिवाळीच्या सुमारास इनॉकचं पत्र आलं. पावसाने काय केलं ते बथशेबाने त्याला सगळं कळवलं होतं, साडीचंसुद्धा. त्याने लिहिलं होतं की त्यांना वाळवंटाकाठच्या एका नव्या गावात घर मिळालंय, तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, पोरं हिब्रूत भांडतात. रेबेका म्हणते, साडीचं मनाला लावून घेऊ नका. घराचं तुला योग्य वाटेल ते कर, आक्का. परत यायचा विषय त्यात नव्हता. तिने तो शोधलाही नाही. पत्र वाचून तिने भावाला पोस्टकार्ड टाकलं की वासे वाचले, वाळवी गेली, आणि तुम्ही सगळे ठीक असाल.

पाऊस पुरता गेल्यावर बुधाजी पहार घेऊन आला. भिंत वरून सुकली होती. त्याने पायथ्याचा गिलावा ठोकला तर तो ढलप्यांनी पडला. आत विटांमधली माती धुऊन गेली होती. खालच्या विटा त्याने बोटाने उकरल्या, तर नाचणीच्या भाकरीसारख्या तुटल्या.

"वाळली, पर आतनं गेली," तो म्हणाला. "पुढच्या पावसात धरनार नाय. छप्पर खांबांवर हाय, त्याला धोका नाय. भिंत उतरवून नवी बांधू या?"

बथशेबा दारात उभी होती. तिला पलीकडची रिकामी चूल दिसत होती आणि अलीकडची तिची खाट.

"उतरव," ती म्हणाली. "नवी नको."

"घर लय मोठं होईल, बाई. एकट्या तुमी."

"ते आहेच रे. भिंत असली तरी आहे."

बुधाजी आणि त्याच्या माणसाने दोन दिवसांत भिंत उतरवली. धुरळा कौलांपर्यंत चढला. वरच्या विटा शाबूत निघाल्या, पायातले दगड तर अगदी टणक होते. त्यांचं काय करायचं, विचारल्यावर बथशेबाने ठमाबाईला निरोप धाडला. गणू हातगाडी घेऊन आला. या दगडांवर जोतं उचलून घेतलं तर उधाणाचं पाणी निदान उंबऱ्याशी थांबेल, असं तो म्हणाला. ठमाबाई एकेक दगड उचलून देत होती. सुनेला मुलगी झाल्याचं तिने तेव्हाच सांगितलं.

"रात्रीच झाली. पानी ऐन भरतीला. तुमाला बोलवाया वेळ नाय मिळाला, बाय."

"दोघी बऱ्या आहेत ना?"

"ब्येस हायत. बघाया या."

"येईन," बथशेबा म्हणाली, आणि त्या आठवड्यात ती गेलीही. मुलीला मांडीवर घेऊन, नाळ बघून, सुनेला काय खायचं ते सांगून संध्याकाळच्या आत परतली. जोत्याचे दोन थर तोवर चढले होते.

घरी आल्यावर तिने कंदील लावला. जिथे भिंत होती तिथे लादी नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मातीचा उघडा पट्टा पडला होता. कोबा घालायला बुधाजी सोमवारी येणार होता. बथशेबाने पट्ट्यावरचा विटा-चुन्याचा चुरा झाडून गोळा केला. मग ती त्या पट्ट्यावरून पलीकडे गेली, इनॉकच्या दाराला आतून अडसर लावला आणि परत आली. चालण्याचा आवाज घरभर झाला. खाट कुठे ठेवावी हे तिला ठरवता येईना. थोडा वेळ या कोपऱ्यात, थोडा वेळ त्या कोपऱ्यात ओढून पाहिली, आणि शेवटी होती तिथेच ठेवून, कंदील बारीक करून ती आडवी झाली. बाहेर शालोम कोणाशी तरी बोलत घराकडे चालला होता. त्याचा आवाज आळीच्या वळणापर्यंत ऐकू आला.